हिरव्या ठिपक्याचं चॉकलेट
चॉकलेटचा डबा उघडला, की त्या कडसर गोड वासासोबत मला माझ्या बीएस्सीच्या निकालाची संध्याकाळ आठवते. आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिलीच. बाबांनी सदर बाजारातून भारीतलं परदेशी चॉकलेट आणलं आणि पहिला तुकडा शेजारच्या चाचींपुढे धरला, कारण लहानपणी मला सांभाळलं ते त्यांनीच. चाचींचा हात मात्र पुढे येईना. "हिरवा ठिपका हाये ना! मंग काहून थांबून राहिल्या?" बाबा म्हणाले. "भैया, हरा निशान गोश्त का बताता है, शराब का नहीं." दोघंही माझ्याकडे पाहू लागले, कारण इंग्रजी वाचणारी मी एकटीच. डब्यावर बारीक अक्षरांत, अगदी शेवटी, रम लिहिलेली होती. बाबांचा चेहरा पडेल हे कळत होतं, तरी मी सरळ सांगितलं, "चाची, इसमें रम है. मत खाइए." बाबा डबा मिटत पुटपुटले, "मले काय मालूम!" चाची मात्र खळखळून हसल्या. "अब यकीन हुआ भैया, पोट्टी सच में पास हुई है. लाओ, शक्कर खिलाओ." युनिव्हर्सिटीनं निकाल सकाळीच लावला होता, मी मात्र आजही चाचींचाच खरा धरते.