डॉटीसाठी बर्फ

डेल्बर्ट रकमन हायवेवरच्या आमच्या ट्रक-थांब्याच्या काउंटरवर आला की आधी बर्फ मागायचा, मग कॉफी. सत्तरीकडे झुकलेला आर्कान्सासचा गडी, पण मुक्काम बारा महिने ट्रकमध्येच. सीटमागचा अरुंद पलंग हेच त्याचं घर, आणि घरात माणूस म्हणाल तर डॉटी, त्याची म्हातारी कुत्री. बायको गेल्यावर त्याला तेवढीच उरली होती. तिचे मागचे पाय गेले होते, त्यामुळे तो तिला कडेवर घेऊन उतरवायचा.

आमच्या कॅलिफोर्नियात उभ्या ट्रकचं इंजिन पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही, असा कायदा आहे. हवेच्या दृष्टीने बरंच आहे, माझ्या नातवालाही दमा आहे. पण इंजिन बंद म्हणजे एसी बंद, आणि जुलैत इथलं डांबर बुटाला चिकटतं. कायदेवाल्यांनी एकदा त्या पत्र्याच्या डब्यात दुपारची झोप काढून दाखवावी. इंजिनाशिवाय चालणारा एसी बसवतो म्हणून डेल्बर्टची कंपनी दोन उन्हाळे त्याला झुलवत होती.

ट्रकमधलं यंत्रच पाच मिनिटांनी इंजिन बंद करायचं. बाहेर कडाक्याची थंडी असेल तरच चालू ठेवायचं. म्हणून डेल्बर्ट बाहेरचं तापमान मोजणाऱ्या बंपरखालच्या सेन्सरला बर्फाची पिशवी बांधायचा.

"तुझ्या ट्रकला वाटत असेल, अलास्कात आलोय," मी चिडवायचे.

"वाटू दे की. डॉटीला गार वाटलं म्हणजे झालं."

त्या दुपारी तो अंघोळीसाठी थांबला. आत कुत्र्यांना मनाई, म्हणून डॉटी ट्रकमध्येच, एसी लावून. नेमकी आमची अर्धी न्हाणीघरं तुंबलेली. नंबर पुकारला की हजर पाहिजे, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेवटी.

"जा, बर्फ बदलून ये," मी म्हटलं.

"आणि नंबर गेला तर? चार दिवस झाले अंगाला पाणी नाही. आत्ताच तर बांधलाय, टिकेल."

खूप वेळाने तो ओल्या केसांनी, स्वच्छ शर्टात आला. डॉटीसाठी बेकनची पट्टी मागितली, मी ती कागदात बांधून दिली. दाराशी जाऊन तो थबकला. ये-जा करणाऱ्या ट्रकांच्या घरघरीत त्याच्या इंजिनाचा आवाज नव्हता. तो धावत सुटला. मीही मागे गेले.

पिशवी रिकामी लोंबत होती. दार उघडताच भट्टीसारखी धग तोंडावर आली. डॉटी पलंगावरून खाली घसरली होती, नाक दाराच्या फटीला लावून पडली होती. तिचा श्वास थांबला होता.

तरीही तिला प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून डेल्बर्टने कंपनीला फोन केला. कायद्याने ठरलेले दिवसाचे गाडी चालवायचे तास संपलेत, दहा तास विश्रांती घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं उत्तर आलं. त्याने डॉटीला उचलून पलंगावर ठेवलं, दार लावलं आणि इंजिन सुरू केलं. पाच मिनिटांनी ते बंद पडलं. त्याने पुन्हा सुरू केलं. काउंटरवर मला ते संध्याकाळपर्यंत ऐकू येत होतं.

शेवटी मी जाऊन काचेवर टकटक केली. "डेल्बर्ट, पुरे कर आता."

त्याचा हात डॉटीच्या पोटावर होता.

"अजून गरम आहे गं ती," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा चावी फिरवली.