पाटलांचा हौद

"कासव अजून घरातच आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे. पण हौद स्वच्छ असतो," मी म्हणाले.

"मग हे काय?"

‘हे’ म्हणजे यमुनेच्या कडेवरचा तिचा मुलगा, बापू. नुकता चालायला लागलेला. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे पडलेले. जुलाब लागून तो पुन्हा दवाखान्यात आला होता.

लढाईची वर्षं होती. मी नंदुरबारला एका दवाखान्यात नर्स होते. घरोघर जाऊन पाणी, मोऱ्या आणि बाळंतिणींच्या खोल्या बघणं हेही काम माझ्याकडे असे. यमुनेच्या सासरी तेलाचा घाणा होता. अंगणात दगडी हौद आणि हौदात कासव. ते तिच्या सासूने, गंगूमायने, पाळलेलं. दिवसभर हौदातल्या दगडावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचं, म्हणून सगळे त्याला पाटील म्हणत.

पाण्यात कासव असलं की पाणी साफ राहतं, असा आमच्याकडे समज. लोक विहिरीतही कासव सोडत. ते किडे-अळ्या खातं, हे खरं आहे. पण घाणही त्याच पाण्यात करतं, आणि ती डोळ्यांना दिसली नाही तरी लहान मुलाच्या पोटाला कळते. या घरात हौदाच्या पाण्यात भांडी विसळत. बापू त्यात हात घालून खेळे.

पहिल्या आजारपणातच डॉक्टरांनी सांगितलं होतं, कासव प्रकाशा गावी नेऊन तापी नदीत सोडा. गंगूमायने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "नर्सबाई, पाटील जाई तं मी बी जासू."

मग मी मधला मार्ग काढला. हौद मी सांगेन तसा धुवायचा. पोर बरं राहिलं तर कासव राहील. डॉक्टर नाखुशीनेच कबूल झाले.

पहिल्या वेळी मी स्वतः उभी राहून हौद धुऊन घेतला. कासव काढून घमेल्यात ठेवलं. हौदातलं पाणी मोरीत नाही, आडाकडे नाही, परसात खड्डा करून त्यात. मग दगडावरचं शेवाळ काथ्याने घासायचं, कारण बुळबुळीत थर राहिला तर औषध दगडापर्यंत पोचत नाही. त्यानंतर ब्लीचिंग पावडर. साथीच्या वेळी विहिरीत टाकतात ती पांढरी, नाकाला झोंबणारी भुकटी. लढाईमुळे ती जपून वापरावी लागे. पाण्यात कालवून दगडाला लावायची, काही वेळ राहू द्यायची आणि वास पूर्ण जाईपर्यंत हौद धूत राहायचं. वास राहिला तर कासवाचे डोळे चिघळतात. तेलाच्या घाण्यावरच्या गड्याने हौसेने फिनाईलची बाटली आणली होती. ती मी परत पाठवली. फिनाईल कासवाला विषासारखं. शेवटी हौद उन्हात वाळवून ताजं पाणी भरायचं. हौदाची बादली आणि काथ्या स्वयंपाकघरात न्यायचा नाही. भांड्यांना आडाचं पाणी. कासवाला हात लागला की साबण.

गंगूमाय बाजेवर बसून सगळं बघत होती. म्हणाली, हळदीच्या दिवशी तिलासुद्धा कोणी इतकं घासलं नव्हतं.

घरच्यांनी सगळं पाळलं. दर बाजाराच्या दिवशी हौद धुतला जाऊ लागला. तरी बापू पुन्हा आजारी पडला होता.

"आता पुढचा बाजार यायच्या आत कासव तापीत," डॉक्टर म्हणाले. "मी औषध देईन. पण हे पोर असं आणखी एकदा आलं, तर वाचेलच असं सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर मी यमुनेला विचारलं, पोट नेमकं कधी बिघडतं. ती म्हणाली, "हौद धुवा का दुसरा-तिसरा दिन."

म्हणजे हौद धुतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मला पावडरीचा संशय आला. नीट धुतली जात नसेल. बाजाराचा दिवस आला तशी मी न कळवता त्यांच्या घरी गेले. हौद रिकामा, लख्ख. वाकून वास घेतला, काही नाही. बादली जागेवर, काथ्या वाळत घातलेला. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त घमेलं भिंतीशी पालथं होतं, आणि कोरडं.

"पाटील कुठे आहेत?" मी विचारलं.

गंगूमायने ओसरीकडे बोट दाखवलं. तिथे पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. झाकण बाजूला काढलेलं. आत पाटील.

"घमेलं उनमा तपस," ती म्हणाली. "तठे गार पाणी शे. आन रांजण बी साफ व्हई जास."

म्हणजे हौद जितक्या नेमाने धुतला जात होता, तितक्याच नेमाने कासव पिण्याच्या पाण्यात जाऊन बसत होतं.

मी तिला समजावून सांगितलं. तिने रांजणात तांब्या बुडवला आणि माझ्यासमोर सगळा पिऊन टाकला. "माले काय व्हयनं?"

मी म्हटलं, तुमचं पोट जुनं आहे, बापूचं नाही. त्यावर ती म्हणाली, नाजूक पोट त्याने आईकडून आणलंय, आमच्या घरात असली पोटं नव्हती.

सासूसमोर यमुना बोललेली मी तोवर ऐकली नव्हती. तिने बापूला खाली ठेवलं आणि रांजणाच्या काठावर हात ठेवला.

"माय, हाऊ रांजण आते पाटीलना," ती म्हणाली. "हौद धुवाना दिन तो आठेच बसई. आपलाकरता मी दुसरा आनसू."

गंगूमायने रांजणात डोकावून पाहिलं. पाटलांना स्वतःचा रांजण मिळत होता. यात अपमान कुठे आहे, ते तिला सापडेना.

"परसमा ठेव मंग," ती शेवटी म्हणाली. "सावलीमा."

मी त्या रांजणाला गेरूचा जाड पट्टा ओढून घेतला, म्हणजे चुकूनही कोणी त्यात तांब्या बुडवणार नाही. नव्या रांजणाला घट्ट झाकण. बापूपुरतं पाणी उकळून. पुढचा बाजार गेला, त्याच्या पुढचाही गेला. बापू आला तो वजनाला, औषधाला नाही.

"कासव गेलं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. रांजण गेला."

"कुठे?"

"परसात."

 डॉक्टरांनी कपाट उघडून हौदासाठी पावडरीची पुडी माझ्यासमोर ठेवली.

त्यानंतर मी कुठेही काही धुवायला सांगितलं, टाकं असो की बाळाचा पाळणा, तरी आधी एक विचारते. आत जे आहे, ते तोवर कुठे ठेवणार? आणि उत्तरावर थांबत नाही. जाऊन बघते.