जूनवालीचे पासिंगमामा

पासिंगमामा माणसांना नावाने ओळखत नसत, महिन्याने ओळखत. ज्याच्या गाडीचं पासिंग मार्चमध्ये संपतं तो 'मार्चवाला', दिवाळीच्या सुमारास संपतं तो 'दिवाळीवाला'. मी त्यांची 'जूनवाली'. लग्नात भेटले तरी अक्षता टाकता टाकता विचारायचे, "काय गं जूनवाली, तारीख ध्यानात हाय न्हवं?" एका टेंपोवाल्याच्या मयतीला गेले, मनापासून रडले, आणि परत निघताना त्याच्या थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सांगून आले की गाडी लवकर नावावर करून घे, पासिंग पुढच्या महिन्यात आहे. घरच्यांना त्याचा राग आला नाही. कुणीतरी आठवण ठेवली म्हणून बरंच वाटलं.

मी कडेगावात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. व्हॅन मुळात नवऱ्याने घेतली होती. त्याला साखर कारखान्यात कायमची नोकरी लागली, गाडी विकायची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी म्हटलं, मी चालवते. घरातले हसले. गावातले त्याहून जास्त हसले. हसले नाहीत ते एकटे पासिंगमामा. त्यांनी मला गाडीभोवती एक फेरी मारायला लावली, कुठे वाकून बघायचं, कुठे हात लावून बघायचं ते दाखवलं आणि म्हणाले, "गाडी कुनीबी चालवतंय. सांबाळायला कुनाला जमतं ते बगायचं." त्या दिवसापासून मी त्यांना मामा मानलं. मानलं म्हणजे मानलंच, माझ्यात अधलंमधलं काही नसतं.

तेव्हा पासिंगचा कॅम्प तालुक्यालाच भरायचा. आरटीओचे साहेब ठरल्या दिवशी यायचे, मैदानात गाड्यांची रांग लागायची. साहेब गाडी बघणार, ती रस्त्यावर धावायच्या लायकीची आहे असं लिहून देणार, मग पुढच्या पासिंगपर्यंत आपण मोकळे. कॅम्प चुकला तर सांगलीला खेटे घालायचे आणि तोवर गाडी दारात उभी. त्यामुळे कॅम्पच्या दिवशी, गाड्या पास करून द्यायचा धंदा करणाऱ्या मामांचा भाव नवरदेवापेक्षा वर असायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. त्या पिशवीत चमकपट्टी, बल्ब, वायरचे तुकडे, पिवळ्या रंगाचा डबा आणि पुसायला जुन्या धोतराचं फडकं. कुणाचा इंडिकेटर ऐन वेळी रुसला की मामांचा हात पिशवीत गेलाच.

आणि त्यांचे ते टायर! मामांच्या घरामागे ताडपत्रीखाली कोऱ्या टायरांचा एक जोड झाकलेला असे. त्याला सगळे 'पासिंगचे टायर' म्हणत. सकाळी एका टेंपोला चढवायचे, टेंपो पास झाला की काढून दुसऱ्याला. गुळगुळीत टायरांचा टेंपो मैदानात रुबाबात यायचा आणि मैदानाबाहेर गेला की पुन्हा आपल्या मूळ अवतारात. टायर रस्ता असा कधी बघायचेच नाहीत, बिचारे नुसते परीक्षेला बसायचे. सगळ्यांना हे ठाऊक होतं, सगळे हसायचे, मीही हसायचे. कोण कुणाची खोड काढणार? ज्याला त्याला आपली गाडी वेळेत पास व्हायला हवी होती.

पण माझ्या गाडीला त्यांनी ते टायर कधी लावू दिले नाहीत. पहिल्याच वर्षी मी जरा लाडात येऊन म्हटलं, मामा, मलाही एक दिवस द्या की ते. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता थोबाडीत मारतात. "तुज्या गाडीत लेकरं बसत्यात," ते म्हणाले. "तुजं समदं खरं पायजे." आणि मला घेऊन जाऊन त्यांनी नवे टायर विकत घ्यायला लावले. आग विझवायचं नळकांडंही कोरं घ्यायला लावलं. इतरांच्या गाडीत औषधाची जी एकच पेटी फिरायची, ती माझ्या गाडीकडे फिरकली नाही. मी हे घरोघरी सांगितलं. मुलांच्या आयांना तर किती वेळा सांगितलं असेल, की आमचे मामा जगाला फसवतील पण माझ्या गाडीला नाही.

कॅम्पच्या आधी ते स्वतः माझा ब्रेक बघायचे. मैदानाच्या कडेला मऊ माती होती. मी गाडी आणायची, त्यांनी हात वर केला की ब्रेक मारायचा. मग ते धोतराचा सोगा सावरत वाकायचे आणि मातीतले ओरखडे बघायचे. "चारी चाकांनी जमीन धराय पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चारी ओरखडे नीट दिसले की पाठ सरळ करून म्हणायचे, "जा, झाली पास. सायब काय, सही करनार." साहेबांची सही ही त्यांच्या लेखी नंतरची गोष्ट होती, आणि माझ्याही.

एका जूनमध्ये, कॅम्प तोंडावर असताना, माझ्या मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेल पाझरायला लागलं. ब्रेकचं तेल. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते आणि त्या आधीचा हा शेवटचा कॅम्प. पासिंग नसेल तर शाळा गाडी फाटकाशी उभी करू देत नाही, आणि मुलं एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसली की परत येत नाहीत. मी रडकुंडीला आले. मामा म्हणाले, त्यात काय, किल्ली दे इकडं. ते गाडी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले आणि दुपारपर्यंत थेट मैदानात आणून उभी केली. त्या दिवशी त्यांनी मला मातीत ब्रेक मारायला लावला नाही. मी विचारलं, तर "म्या बगितलंय," म्हणाले. गाडी पास झाली. मी मामींना साडी नेऊन दिली.

त्यानंतर मामा माझी फारच काळजी करायला लागले. पुढच्या कॅम्पांनाही गाडी तेच मैदानात घेऊन जायचे, मातीतला ब्रेक राहूनच जायचा. चहाच्या टपरीवर बसलेले असायचे, माझी गाडी दिसली की उठून उभे राहायचे आणि हाताने हळू, हळू अशी खूण करायचे. पावसाळ्यात तर घरी येऊन सांगायचे, "खिंडीच्या उताराला पयल्या गिअरमदीच उतर. घाई करू नगं, बाय." एकदा मी म्हटलं, मामा, पावसात जोरात ब्रेक मारला की गाडीची मागची बाजू जराशी सरकल्यासारखी वाटते. ते म्हणाले, रस्ताच तसला आहे, तू सावकाश चालव. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, सख्खा बाप तरी इतकं म्हणतो का. आज ते आठवलं की माझं मलाच कानकोंडं वाटतं.

मग पासिंग यंत्रावर गेलं. तालुक्याचा कॅम्प बंद झाला, आता सांगलीच्या बाजूला केंद्र आहे, तिथे गाडी लाटण्यासारख्या गोल रुळांवर चढवतात आणि चाकं फिरवून ब्रेक मोजतात. मामांचा धंदा बसला. ते टपरीवर बसून यंत्राला शिव्या द्यायचे. माझी तारीख जवळ आली तेव्हा म्हणाले, तू जाऊ नको, गाडी माझ्याकडे दे, मी दोन दिवस आधी नेतो आणि सगळं करून आणतो. त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखत होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. माहेरी माधवनगरला जायचंच होतं, तेव्हा त्यांना न सांगता मीच गाडी घेऊन केंद्रावर गेले.

तिथला मुलगा अदबीने वागणारा होता. गाडी रुळांवर चढली, चाकं फिरली, पडद्यावर आकडे आले. त्याने पुन्हा एकदा करून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, मागचं डावं चाक ब्रेक धरतच नाही. कमी धरतंय असं नाही, अजिबात नाही."

मी त्याच्याशी भांडले. यंत्रात खोट असेल म्हणाले. मामांनी स्वतः बघितलेली गाडी आहे असंही म्हणाले, जसं काही तो मामांना ओळखत होता. शेवटी गाडी माधवनगरच्या एका गॅरेजला नेली. मिस्त्रीने जॅक लावून चाक काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. त्या चाकाकडे जाणारी ब्रेकची बारीक नळी दुमडून, हातोडीने ठोकून चपटी केलेली होती. गळती थांबवायला तेलाची वाटच बंद केलेली. बाकीच्या चाकांना ब्रेक लागत होता, याला नाही. "आवं ताई, ह्ये कुनीतरी मुद्दाम केलंय," तो म्हणाला. "आन् लय दिस झाल्यात." दुमडीवर गंज चढला होता.

मी तिथेच एका जुन्या टायरवर बसले. त्या चाकाच्या बरोबर वर मागची सीट आहे. तिथे स्वरा बसते, तिच्या शेजारी पाटलांचा अर्णव. इतके पावसाळे मी त्यांना खिंडीतून उतरवत होते. मिस्त्रीने नवा भाग घातला, नळी बदलली, संध्याकाळी गाडी पास झाली. परत येताना खिंडीच्या उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीने रस्ता असा गच्च धरला की माझ्या लक्षात आलं, ही गाडी रस्ता कशी धरते तेच मी विसरून गेले होते. गाडी कडेला घेऊन मी खूप रडले. भीतीने रडले असं म्हणायला मला आवडेल, पण मी मामांवरच्या रागाने रडले.

आणि रडता रडता एक गोष्ट डोक्यात आली. मामांची नात ओवी माझ्याच गाडीतून शाळेत यायची. त्या जूनमध्ये, शाळा उघडल्या दिवशी, मामांनी येऊन सांगितलं होतं की तिला व्हॅनमध्ये मळमळतं, यापुढे तिचा बाप मोटरसायकलवरून सोडत जाईल. ओवीला माझ्या गाडीत कधी मळमळलं नव्हतं. खिंड आली की ती गाणी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मामा बाजेवर बसून गुडघ्यांना तेल लावत होते. मामींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मिस्त्रीकडून मागून आणलेली ती चपटी नळी मी पिशवीतून काढली आणि त्यांच्या समोर बाजेवर ठेवली. त्यांनी ती ओळखली. नाकारलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

म्हणाले, त्या दिवशी मिस्त्रीकडे नवा भाग नव्हता, कॅम्प चुकला असता तर तुझं वर्ष गेलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू गाडी बाहेरच काढली नसतीस. पुढे करून घेऊ म्हणून राहिलं, आणि मग राहूनच गेलं. यंत्रावर न्यायच्या आधी मात्र करून घेणारच होतो, म्हणून तर किल्ली मागत होतो. हे सगळं ते अगदी समजावणीच्या सुरात सांगत होते, माझं भलं केल्यासारखं. यंत्रासाठी ते करणार होते. मुलांसाठी राहून गेलं होतं.

"ओवीला का काढली?" मी विचारलं.

मामींनी त्यांच्याकडे बघितलं. मामींना यातलं काही माहीत नसावं. मामांनी तेलाच्या वाटीत बोट बुडवलं.

"तिला बसवाय जीव धजंना," ते म्हणाले.

मी मामींचं पाणी न पिता उठले. त्या घरात असं मी कधी केलं नव्हतं.

मुलांच्या आईबापांना मी शाळेच्या फाटकापाशी गोळा करून सगळं सांगितलं. न सांगताही भागलं असतं, नवरा तेच म्हणत होता. काहींनी मुलं काढून घेतली, त्यांना मी दोष देत नाही. मला नवल वाटलं ते बाकीच्यांचं. त्यातले कितीतरी मामांच्याच बाजूने बोलले. म्हातारा माणूस, धंदा गेलेला, आता कशाला त्याची अब्रू काढतेस? झालं तर काही नाही ना? आणि गाडी वेळेत पास करून दिली होती की नाही? मार्चवाला तर मला म्हणाला, तुझ्यावर एवढे उपकार केले त्याचं हे फळ. त्याच्या टेंपोला अजून कुठले टायर आहेत ते मी विचारलं नाही.

जगाला फसवणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला, यात माझंच चुकलं असं लोक म्हणतात. त्यांना कळत नाही. जगाशी ते जे वागले ते मी डोळ्यांनी बघत होते, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. माझी गाडी त्यांनी वेगळी धरली होती. ते वेगळेपण खोटं निघालं, त्याचं दुखणं आहे. आणि ते पुरतं खोटंही नव्हतं, नवे टायर त्यांनी खरंच घ्यायला लावले होते, हे तर आणखी वाईट. सगळंच खोटं असतं तर मी त्यांना केव्हाच विसरले असते.

मामा अजून सकाळी टपरीवर बसतात. मैदान रिकामं असतं, कॅम्प येत नाही, तरी शर्ट इस्त्रीचा असतो. माझी गाडी आली की ते उठत नाहीत, खूणही करत नाहीत. पण मुलांना यातलं काही माहीत नाही. ती खिडकीतून हात बाहेर काढून "पासिंगमामा, पासिंगमामा" करतात, मागच्या सीटवरची स्वरा तर सगळ्यात मोठ्याने. मामा मान वर करतात, आधी माझ्याकडे बघतात, आणि मग तिला हात करतात. मी समोर रस्त्याकडे बघत राहते. मुलांना हात आत घ्या म्हणून रागावते, तेवढंच.