टाकीच्या तोंडाशी

चहा उकळत होता. कालची भाजी संपवायची की टाकायची, यावर सासूबाईंचा स्वतःशीच वाद चालला होता, आणि थोरली सून दुधावर डोळा ठेवून उभी होती. तेवढ्यात मागचं दार वाजलं. घरातलं माणूस कधी दार वाजवत नाही. दारात धाकटा दीर होता.

"वहिनी, कोपऱ्यातली टाकी आज रिकामी करायचीय. वाइन काढून झाली."

"गड्यांना सांगा की."

"त्या टाकीत पाय घालायला कोणी तयार नाही. मीच उतरतो. पंखा लावून ठेवलाय. तोंडाशी तुम्ही उभ्या राहाल?"

सासूबाईंनी भाजीचं पातेलं खाली ठेवलं.

द्राक्षांचा रस आंबताना टाकीत वायू साचतो. तो दिसत नाही, आणि माणसाला हाक मारायलाही सवड देत नाही. वाइन काढल्यावर तळाशी सालींचा चोथा उरतो, तो फावड्याने ओढायला आत उतरावंच लागतं. म्हणून सासऱ्यांपासून या घराची रीत अशी, की आत एक, तोंडाशी घरातलंच दुसरं, आणि दोघांच्या गप्पा थांबायच्या नाहीत. आतला गप्प झाला की बाहेरच्याने दोर ओढायचा. नणंदेचं लग्न त्या तोंडाशीच ठरलं होतं, आणि शेजाऱ्यांची अब्रू तर दर हंगामात तिथेच धुतली जायची.

गेल्या हंगामात याच टाकीत तिचा नवरा उतरला होता. उतारावरच्या वडिलांच्या हातच्या जुन्या वेली उपटून टाकायचं त्याच्या मनात होतं, आणि त्या सकाळी तिने सगळ्यांदेखत सासूबाईंची बाजू घेतली होती. रुसण्यात त्याचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. कमरेला दोर बांधतानाही त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "ऐकताय ना?" तिने दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही. मग तीही हट्टाला पेटली आणि तोंड फिरवून उभी राहिली. फावड्याचा आवाज थांबला तरी तिला वाटलं, मुद्दाम करतोय. शेवटी दोर ओढला, तर तो नुसताच जड लागला.

नंतर तिला कोणी वावगा शब्द बोललं नाही. सासूबाई फक्त एकदा, पानं घेता घेता म्हणाल्या, "रुसायचा खरा. पण जेवायला हाक मारली की यायचा."

"दुसऱ्या कोणाला घ्या ना, भाऊजी," ती आता म्हणाली.

"दुसरं कोण आहे? आईला ऐकू येत नाही धड."

"माझं काय काढतोस," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता, "जा तू. दूध मी बघते."

तिने पदराला हात पुसले. "भाऊजी, खरं सांगा. माझ्यावर राग आहे तुमचा?"

दिराने उंबऱ्यावर पायाचा चिखल खरवडला. "आहे," तो म्हणाला.

"असू दे. येते मी. फक्त आत उतरलात की बोलत राहा. मला शिव्या द्या हवं तर, पण बोलत राहा."