हन्नावहिनींच्या धाकट्या भावाचं नाव

शोभा, ये इकडे, अशी जवळ बस. रागावलेय मी तुझ्यावर, ते आधी सांगून टाकते. अगं, तुझी आई गेली आणि तू घराला कुलूप लावून पुण्याला निघूनही गेलीस? मी हातकणंगल्याला लेकीकडे तापानं पडलेली, म्हणून मला कुणी कळवलंच नाही. परत आले तर जिन्यातच घरमालकीणबाई म्हणाल्या, "हन्नावहिनी गेल्या की वो. तुमास्नी ठाव न्हाय?" मी तिथंच पायरीवर बसले... आणि खरं सांगू, रडू यायच्या आधी मनात आलं ते हेच, की त्यांच्या धाकट्या भावाचं नाव आता कोण सांगणार? म्हणून पेपरात लिहितेय. रविवारची पुरवणी तू सोडत नाहीस, मला ठाऊक आहे.

बाकीच्यांसाठी सांगते. युद्धाच्या काळात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. तिथली एक मुलगी, हन्ना, छावणीत दूध पोचवणाऱ्या शंकररावांशी लग्न करून शाहूपुरीत आमच्या शेजारी राहायला आली. बरोबरची माणसं जहाजानं निघून गेली, ही राहिली. निळे डोळे, सुती पातळ, आणि बोलणं अस्सल इथलं. मंडईत नवखा भाजीवाला टकामका बघायला लागला की म्हणायची, "माझं तोंड काय बगतोस पावण्या? वांगी किडकी हायत, ती बघ की!"

मला पहिल्यापासून एकच भोचकपणा, हिचं माहेर कुठलं? बायका माहेरचं बोलल्याशिवाय राहतात का कधी! पण वहिनींचं उत्तर ठरलेलं, "लांब हाय." बस.

मग एका सर्वपित्री अमावास्येला... तू सातवी-आठवीत असशील. मी गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं होतं, वडे, खीर, भात. वहिनी धुणं वाळत घालायला वर आल्या.

"आज कुणाचं गं, सुमन?"

"ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्या सगळ्यांचं."

हातातलं लुगडं पिळता पिळता त्या थांबल्या. म्हणाल्या, "आमच्यात मेणबत्ती लावत्यात. पर मला शिकवल्यालं असं, की तारीख पायजे. तुमचा देव बरा, आमचा निव्वळ कारकून हाय बघ!" हसल्या, पण लुगडं काही दोरीवर गेलं नाही. मला काय वाटलं कोण जाणे, मी खाली जाऊन दुसरं पान वाढून आणलं, त्यांच्या माणसांसाठी. आमच्या पानाला कावळा लगेच शिवला. त्यांच्याकडे फिरकेना. आपली रीत मला माहीत, मी हात जोडून सांगायला लागले, "तुमच्या लेकीला सांभाळू, नातीला शिकवू, काळजी करू नका..." तशा वहिनी खेकसल्या, "अगं गप की! माझ्या आईला खीर काय ठाव? पाव ठेव, पाव!"

सकाळचा पाव आणून ठेवला. कावळा आला की नाही ते मी बघितलंच नाही, कारण त्या बोलायला लागल्या होत्या.

गाव वूच. कापडगिरण्यांचं, आपली इचलकरंजी समज, पण नद्या गोठवणाऱ्या थंडीतलं. घर ज्यू. युद्ध लागलं तेव्हा वडिलांनी हिला मामाबरोबर पूर्वेला पुढं धाडलं, बाकीचे मागून येणार होते. मामा वाटेत थंडीनं गेला, ही रशिया, इराण करत आपल्याकडे पोचली. मागचे निघूच शकले नाहीत. जर्मनांनी गावातले सगळे ज्यू एका वस्तीत कोंडले, भोवती तारा, बाहेर पडला तर गोळी. घेटो म्हणतात त्याला. दिवसभर सैन्याचे कपडे शिवायचे आणि पावाचा तुकडा रोज बारीक होत जायचा. वडील तिथंच भुकेनं गेले. आई, बहीण आणि धाकट्याला रेल्वेत कोंबून मारायला नेलं. हे सगळं युद्धानंतर वाचलेल्या एका शेजाऱ्यानं कळवलं. दिवस कुठला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दर सर्वपित्रीला वहिनी माझ्या स्वयंपाकघरात मेणबत्ती लावायच्या. शंकरराव होते तेव्हाही, गेल्यावरही. नावं घ्यायच्या... वडील इत्झाक, आई रिव्का, बहीण गुता. आणि थांबायच्या. दर वर्षी तिथंच. एकदा न राहवून मी विचारलंच, "आणि धाकटा?"

त्यांनी ओघळलेलं मेण नखानं खरवडलं. मग म्हणाल्या, "निघताना कडंवर होता. उतरंना. येक येक बोट सोडवून खाली ठिवला म्या."

"नाव काय त्याचं?"

"ते शोभाला सांगीन. ती माझी हाय. तिच्या तोंडात ऱ्हाईल त्यो."

सांगितलं का गं तुला? का तू विचारलंच नाहीस? लहानपणी मैत्रिणींसमोर आईनं पोलंडचं काही काढलं की तू आत पळायचीस, विसरले नाही मी. पण माणूस मोठं होतं, एखाद्या संध्याकाळी विचारतं...

वहिनींची तिथी आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या माहेरातल्या तिथी ठाऊक असलेल्या त्या पहिल्याच, हे मला काल भाजी निवडताना सुचलं आणि हात थांबले. म्हणजे त्यांचं वेगळं करू, नीट त्या दिवशी. सर्वपित्री मात्र बाकीच्यांचीच. तीन नावं मला पाठ आहेत, उच्चार चुकत असतील, चुकू देत. चौथं तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. नसेल तरी ये, बाई. आपण दोघी त्याला नुसतं "बाळ" म्हणून हाक मारू, पण तू मारायची, मी नाही. अमावास्या पुढच्याच आठवड्यात आहे, आदल्या दिवशीच ये, पाव सकाळी ताजा मिळतो.