व्ही की डब्ल्यू

लिली नावाच्या बाईशी माझं प्रेमप्रकरण आहे, ही बातमी मला माझ्या बायकोकडून कळली. रविवार होता, मी दाढी करत होतो, आणि गालाला अर्धा साबण होता.

"लिली कोण?" सुनंदानं विचारलं.

"कुठली लिली?" मी म्हटलं.

हे उत्तर चुकलं. निर्दोष माणूस "कोण लिली?" असं विचारतो. "कुठली लिली" म्हटलं की दोन-चार लिल्या आहेत असा अर्थ निघतो. (हे मला नंतर माझ्या सासऱ्यांनी समजावून सांगितलं. ते निवृत्त फौजदार होते. त्यांच्याविषयी सांगतोच, जरा धीर गोळा करू द्या.)

सुनंदाच्या हातात रेकॉर्डचं एक कव्हर होतं. पुढच्या बाजूला निळा धूर आणि त्या धुरात सॅक्सोफोन धरलेले दोन हात, बाकी माणूस गायब. मागची बाजू मात्र पांढरी, आणि तिथे शाईच्या पेनानं इंग्रजीत लिहिलेलं : 'टू व्हिनी, फॉरएव्हर युवर्स, लिली.' शेजारी लालभडक लिपस्टिकचे ओठ. छापील नव्हे, खरे उमटवलेले.

माझं नाव विनय. घरात सगळे विनू म्हणतात.

मी ते लिखाण आधी पाहिलं होतं. पण मी कव्हरं जमवणारा माणूस. मला ती नक्षीच वाटली होती. मी एका मित्राला ते ओठ कौतुकानं दाखवलेसुद्धा होते.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलेलं. घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते आणि लोक जुन्या रेकॉर्डी भंगारात काढत होते. मी ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर नटबोल्टांची चित्रं काढायची, त्यांच्याखाली सुबक इंग्रजी अक्षरं लिहायची, आणि सुट्टीच्या दिवशी शहाडला लालचंदच्या भंगाराच्या दुकानात जाऊन जाझ आणि फंकच्या रेकॉर्डी उपसायच्या, हा माझा क्रम. ते संगीत मला कळत होतं असं नाही. मी आधी कव्हरांच्या नादी लागलो. एका कव्हरावर सोनेरी बूट घातलेला गडी होता. त्याचे केस एवढे फुगलेले, की पुढची बाजू अपुरी पडून उरलेले केस मागच्या बाजूला छापले होते. असं काही हाताला लागलं की मला घरी ठेवून येववत नसे. म्हणजे दुकानात ठेवून.

आमचं डोंबिवलीतलं घर एक खोली आणि स्वयंपाकघर. लग्नानंतर वर्षभरात कव्हरं पलंगाखालून कपाटावर आणि कपाटावरून पिठाच्या डब्यांमागे पोचली. एकदा सुनंदानं रवा समजून सॅक्सोफोन ओढला. त्या दिवशी मी शब्द दिला, की आता नवीन रेकॉर्ड आणणार नाही.

शब्द पाळला. नवीन आणली नाही. जी आणायचो ती जुनीच असायची, आणि विचारलं तर सांगायचो, "ही ना? ही कॉलेजातली. आईकडे पडून होती."

निळ्या धुराची रेकॉर्डही मी कॉलेजातलीच सांगितली होती.

"म्हणजे कॉलेजात लिली होती," सुनंदा म्हणाली. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती.

"अगं, नव्हती."

"मग ही रेकॉर्ड कुठून आली?"

मागच्या महिन्यात आणली म्हणावं, तर शब्द मोडला. कॉलेजातली म्हणावं, तर लिली पदरात. मी विचार करेपर्यंत गालावरचा साबण वाळला, आणि सुनंदा ते कव्हर पिशवीत घालून माहेरी, कल्याणला गेली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा निरोप आला. 'संध्याकाळी येऊन जाणे.' बस्स.

अण्णांना (सुनंदा त्यांना अण्णा म्हणायची, मी मनातल्या मनात साहेब म्हणायचो) मी लग्न ठरल्यापासून भीत होतो. ते कधी आवाज चढवत नसत. नुसते समोरच्याकडे बघत बसत, आणि समोरचा आपणहून न केलेले गुन्हे सांगायला लागे. साखरपुड्यात ते माझ्याकडे असेच बघत राहिले, तर मी शाळेत असताना कैऱ्या चोरल्याचं कबूल केलं होतं.

कल्याणच्या त्या बैठकीच्या खोलीत टेबलावर ते कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं. अण्णा त्याला 'मुद्देमाल' म्हणत होते. सुनंदा आतल्या दाराशी उभी. चहा आला.

"विनयराव, ही वस्तू तुमच्याकडे कधी आली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं ओकलो. लालचंद, शहाड, मागचा महिना, त्याच्या मागचा महिना, पिठाच्या डब्यांमागची, ऑफिसच्या ड्रॉवरमधली, सगळं.

अण्णांनी मुद्देमाल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे कॉलेजातली हे खोटं."

"हो."

"एकदा खोटं बोललात, आता खरं बोलताय कशावरून? बायकोला फसवून रेकॉर्डी आणणारा माणूस, की लिलीचा व्हिनी? दोहोंपैकी एक तुम्ही आहात. कोणते, ते बघावं लागेल."

मला आयुष्यात पहिल्यांदाच आपण नुसते लबाड ठरावं असं मनापासून वाटलं.

रविवारी आम्ही तिघं शहाडला गेलो. लालचंदनं अण्णांचे बूट बघितले आणि न विचारताच सांगायला सुरुवात केली. "साहेब, चोरी का माल नहीं है. ठाणे में चर्च के पीछे एक बूढ़ा अंकल है, बँड में ढोल बजाता था. उसी के घर से उठाया."

"अंकलच्या घरात लिली आहे का?" अण्णांनी विचारलं.

"वो मेरे को क्या मालूम, साहेब."

"आपण बघू," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "अण्णा, एवढ्यावर भागेल. दुकान खरं निघालं ना."

"भीती वाटते?" त्यांनी विचारलं. वाटत होती, पण ते सांगितलं तर तोही पुरावा झाला असता. म्हणून आम्ही ठाण्याला गेलो.

चर्चमागे कौलारू घरांची वाडी होती. विचारत विचारत गेलो तर दार उघडायला एक प्रचंड म्हातारा आला. नाव स्टॅनली. त्याचे पंजे पाहून माझ्या मनात आलं, याच्या ढोलांचं काय झालं असेल.

"लिली इथंच राहतात?" अण्णांनी त्यांच्या जुन्या नोकरीच्या आवाजात विचारलं.

"माझी बायको हाय. काय काम?"

अण्णांनी वर्तमानपत्र सोडलं आणि कव्हर पुढे केलं. ओठांची बाजू वर. म्हाताऱ्यानं ते वाचलं. परत वाचलं. त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली, आणि एकदम लक्षात आलं, की आपण आपलं घर वाचवायला दुसऱ्याचं पेटवून बसलोय.

"हा कोन व्हिनी?" त्यानं विचारलं.

अण्णांना वाटलं, प्रश्न मला आहे. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "नाव विचारतायत. सांगा."

"मी विनू," मी म्हटलं.

स्टॅनली एक पाऊल पुढे आला. मी दोन मागे गेलो आणि जास्वंदीच्या कुंडीत बसलो.

तेवढ्यात लिलीआंटी बाहेर आल्या. साठी उलटलेली, फुलाफुलांचा झगा, हाताला पीठ. त्यांना बघून सुनंदाचा चेहरा असा काही ओशाळला, की माझी चिंता तिथेच मिटायला हवी होती. पण लिलीआंटींची नजर कव्हरवर पडली आणि त्या भिंतीला टेकल्या. ती भीती मी ओळखली. गेला आठवडाभर रोज आरशात तीच बघत होतो.

"लिली, व्हिनी कोन?" स्टॅनलीनं विचारलं. "आपल्या बँडमधला सॅक्सवाला व्हिनी?"

लिलीआंटींनी झग्याला हात पुसले. "व्हिनी नाय तो. विनी. माझी बहीन विनिफ्रेड. पयला अक्षर डब्ल्यू हाय. माझ्या ओठांखाली त्याचा अर्धा भाग गेला."

आता अण्णांच्यातला फौजदार जागा झाला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, कव्हर उजेडात धरलं, डोळे बारीक केले. "शक्यता आहे," ते म्हणाले, "पण नक्की सांगता येत नाही. विनयराव, इकडे या. इंग्रजी अक्षरं काढणं हा तुमचा धंदा. तुम्ही सांगा."

मी कुंडीतून उठलो. भिंगातून पाहिलं. ओठ होते, ओठांखाली पांढरा कागद होता, आणि त्याच्या शेजारी जगात कुठेही न सापडेल इतका स्वच्छ, टोकदार, एकटा व्ही होता.

मान वर केली. डावीकडे स्टॅनली, श्वास रोखून. समोर अण्णा, बघतायत. उजवीकडे सुनंदा. आणि भिंतीला टेकलेल्या लिलीआंटी. अण्णांनी तसं बघितल्यावर मी आजवर खोटं बोलू शकलो नव्हतो.

"डब्ल्यू आहे," मी म्हटलं. "सुरुवातीची रेघ दिसते. पुसट आहे."

स्टॅनलीनं मोठा श्वास सोडला. अण्णांनी भिंग खिशात ठेवलं. सुनंदा चक्क हसली, आठवडाभरात पहिल्यांदा. मग आम्हाला चहा आणि केक मिळाला. निघताना मी रेकॉर्ड परत देऊ केली, तर स्टॅनलीनं ती माझ्या छातीवर दाबली. "घेऊन जा. परत आनू नको." मला वाटलं, राग अजून आहे.

फाटकाशी लिलीआंटींनी मला जरा मागे थांबवलं. "हा रेकॉर्ड दिला नाय त्या व्हिनीला कवाच," त्या हळूच म्हणाल्या. "मी धक्क्यावर पोचली तवा त्याची बोट सुटलेली. मंग स्टॅनलीशी लगीन झाला. कोनाला बोलू नको, बाला."

मी मान हलवली आणि पुढे गेलो. रिक्षात बसताच सुनंदानं विचारलं, "काय म्हणाल्या त्या तुमच्या कानात?"

समोर ड्रायव्हर, शेजारी अण्णा. सुचलं ते बोललो. "नाताळला या म्हणाल्या."

हे बोलायला नको होतं. सुनंदाला माझ्यावर उगाच संशय घेतल्याची रुखरुख होती, आणि तिची रुखरुख नेहमी हातानं काहीतरी करून फिटते. डिसेंबरात तिनं डबाभर करंज्या केल्या, मला नवा शर्ट घालायला लावला, आणि आम्ही बिनबोलावता ठाण्याला जाऊन थडकलो. लिलीआंटींनी दार उघडलं, मला पाहिलं आणि पांढऱ्या पडल्या. मी मानेनंच 'नाही, नाही, काही सांगितलं नाही' असं खुणावत होतो, तोवर सुनंदानं पिशवीतून रंगीत कागदात बांधलेली एक चौकोनी, चपटी वस्तू काढली.

वस्तूचा आकार बघूनच मी ती ओळखली.

"तुमच्या बहिणीची आठवण आहे, आंटी," सुनंदा प्रेमानं म्हणाली. "आमच्याकडे राहणं बरं नाही. मी यांना विचारलंसुद्धा नाही."

लिलीआंटी पाणी आणते म्हणून आत गेल्या, सुनंदा त्यांच्या मागोमाग करंज्यांचा डबा घेऊन. स्टॅनलीनं कागद सोडला, निळा धूर पाहिला, आणि मला दंडाला धरून ओट्यावर नेलं. मी जास्वंदीची कुंडी कुठे आहे ते आधी बघून ठेवलं.

"बस," तो म्हणाला. मी बसलो.

"हा रेकॉर्ड भंगारात कोनी दिला, माहीत हाय?"

"नाही."

"मी. माळ्यावर तिच्या पेटीत गावला. तिला सांगितला नाय, जुन्या पेपरांत घालून देऊन टाकला. बोललो, सुटलो." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पयल्यांदा तू घेऊन आयलास, पोलीस घेऊन. आता तुझी बायको आयली, रिबन बांधून."

"त्या दिवशी मी हट्टानं इचारला. मना वाटला, एकदाचा सांगून टाकेल. ती डब्ल्यू बोलली आनि मी घाबरलो. हा पोरगा आता व्ही बोलला तर? या वयात मी रागावून जानार कुठं? रात्री जेवायला तर घरीच येनार." त्यानं स्वयंपाकघराकडे बघून आवाज उतरवला. "तू बरा बोललास. तिला सांगू नको मना माहीत हाय."

"आणि ही रेकॉर्ड?" मी विचारलं.

"ठेवतो आता. तिसऱ्यांदा कोन आनील, सांगता नाय येत."

आत गेल्यावर त्यानं स्वतःच ती लावली. सॅक्सोफोन वाजायला लागला. स्टॅनलीअंकल टेबलावर बोटांनी ठेका धरत होते, लिलीआंटी केक कापता कापता थांबल्या होत्या. सुनंदा मला म्हणाली, "किती सुखी जोडपं आहे नाही?" मी करंजी तोंडात घातली, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही.

परत येताना रिक्षात बसलो. ठाण्याच्या गर्दीतून रिक्षा बाहेर पडली. सुनंदा म्हणाली, "तुम्हाला ओट्यावर नेऊन अंकल एवढा वेळ काय सांगत होते?"

मी खूप विचार केला. दुसरं काही म्हणजे काहीच सुचलं नाही.

"ईस्टरला या म्हणाले," मी म्हटलं.