शिंगाड्याच्या वेलीवरचं पाखरू

"कवडूकाका, हे बुटक्या शेपटीचं पाखरू आमच्या पक्षीवाल्या ग्रुपात कोणालेच ओळखू येऊन नाही राहिलं," मिनल फोनवर म्हणाली.

"फोटो कधीचा हाय वं?"

"कालचाच."

"मंग कमळपाखरूच व्हय थे. शिंगाडे तोडाच्या दिवसात त्याची लंबी शेपटी झडून जाते. पावसाळ्यात पाह्य, नवरदेवावानी मिरवते!"

कवडूचं बालपण गावच्या तलावात शिंगाडे तोडण्यात गेलेलं. आता अकरा वर्षांपासून तो हिंगण्याच्या एका कारखान्याच्या गेटवर चौकीदार होता, अन् पाण्यातली पाखरं त्याला शेजारच्या मिनलने धाडलेल्या फोटोतच दिसत.

"काका, रविवारी पक्षी मोजाले चला ना आमच्यासंग. गाडीत जागा हाय."

कवडूचा जीव तलावाकडे धावला. बाजूला सुपरवायझर चहा पीत होता. कवडूने त्यालाच विचारलं, "साहेब, रविवारी सुट्टी भेटन का?"

"बदली माणूस आण, मंग जाय. पाखरंच पाहाची असतीन त गेटवर कावळे कमी हायेत का गा?"

बदलीवाला महिन्याभरापूर्वीच काम सोडून गेला होता.

"नाही जमत वं," कवडू फोनवर म्हणाला. "कमळपाखराच्या पायाची बोटं मातर पाह्यजो. कोळ्याच्या टांगावानी लंबी असतेत."

बाहेर शिफ्टची बस हॉर्न देऊन राहिली होती. कवडूने फोन खिशात घातला अन् गेट उघडायला उठला.